मीरांच्या राज्यातली चार पानं

मार्च लागला की चिखलोलीकडच्या आमच्या नव्या इमारतींच्या गच्च्यांवर मुलं फेऱ्या मारायला लागतात. हातात पुस्तक, ओठ हलतायत, पाण्याच्या टाकीपाशी पोचलं की वळायचं. इमारती अजून अर्ध्या रिकाम्या आहेत, त्यामुळे समोरच्या गच्चीवर पाठ केलेला धडा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. काल एका मुलीने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या अकरा वेळा म्हटली. अकराव्या वेळी आईने भाजी ढवळता ढवळता तिचा अडलेला शब्द पुरा केला.

या दिवसांत लोकांना स्वतःची परीक्षा आठवते. कोणाला गणिताचा पेपर, कोणाला घरी राहिलेलं हॉल तिकीट. मला दुसऱ्याची परीक्षा आठवते. तिच्याबरोबर भाजलेल्या पापडाचा वास येतो, आणि एक राज्य आठवतं. ते मी कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माच्या दीडशे वर्षांहून आधी ते संपलं होतं.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना वर्गात मॅडमनी विचारलं होतं, राइटर व्हायला कोण तयार आहे. ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही, त्यांना परीक्षेला एक लिहिणारा मिळतो. उमेदवार बोलतो, राइटर लिहितो. राइटरचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी हवं, विषय वेगळा हवा, आणि स्वतःचं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, काही सुचवायचं नाही. तोंड उघडायचं नाही, हे शेवटचं मॅडमनी हसत सांगितलं आणि मी हात वर केला. दोन-चार जणी वळून बघायला लागल्या. तीन वर्षांत त्यांनी माझा हात वर झालेला पाहिला नव्हता. आपला आवाज लोकांना कसा ऐकू येतो याची मला तेव्हा सारखी काळजी असायची. शाळा इंग्रजी, घर मराठी, गल्ली हिंदी. कुठलंही वाक्य तोंडातून निघायच्या आधी मी ते तीनदा तपासायची, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. न बोलता करायचं काम मला सन्मानाचं वाटलं.

ज्यांच्यासाठी लिहायचं होतं ते उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात राहत. हिरानंद दादा. वय सत्त्याहत्तर, इतिहासात एम.ए.चं शेवटचं वर्ष, घरी बसून. बटणं आणि चेन विकण्याचं त्यांचं दुकान होतं. काचबिंदूने नजर गेल्यावर ते सुनेने हातात घेतलं होतं. तरी एक पत्र्याचा डबा कायम त्यांच्या मांडीशी असायचा. त्यात सुटी बटणं. बोटांत घेऊन ते सांगत, हे शर्टाचं, चार भोकांचं, कडेला चीर गेलेलं. हे जीन्सचं, पितळी, खोटं पितळ. सुरुवातीला मला वाटलं, ते मला थक्क करायला असं करतायत. मग कळलं, ते मी असताना नसतानाही चालू असतं.

माझे पेपर एप्रिलच्या सुरुवातीला संपले, त्यांचे मेमध्ये होते. मधले पाच-सहा आठवडे रोज दुपारी मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला जायची. अंबरनाथ पूर्वेहून पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून शेअर रिक्षा. रिक्षा थांबायची त्या चौकात उसाच्या रसाचा चरक, जीन्सचे ढीग, आणि शिलाईच्या गाळ्यांतून येणारी एकसारखी घरघर. दादांचं घर म्हणजे लष्कराच्या जुन्या बॅरकचा तुकडा. बाहेरून टाइल्स आणि ग्रिल, वर आणखी दोन मजले, पण तळमजल्याची मागची भिंत तीच, हातभर जाडीची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना या बॅरकी दिल्या तेव्हा दादा आईच्या कडेवर होते. भर एप्रिलात त्या भिंतीला पाठ लावली की गार लागायचं. माझी जागा तिथे ठरली.

उन्हातून आलेल्या माणसाला सिंधी घरात आधी पापड देतात, मग पाणी. नुसतं पाणी नाही. गॅसवर भाजलेला, मिरीचा, कडा थोड्या काळ्या झालेला पापड दादी, म्हणजे दादांची बायको, बशीत ठेवायची आणि मी पहिला तुकडा मोडेपर्यंत पाण्याचा ग्लास स्वतःच्या हातात धरून उभी राहायची. मी लाजून घाईत खायची. ती म्हणायची, पुट, हळू, पापड कुठे पळून जात नाही. पुट म्हणजे लेकरू. त्या घरात माझं नाव कोणी फारसं घेतलं नाही.

मग वाचन. दादा डोळे मिटून ऐकत. मधेच बोट वर करत, म्हणजे परत वाच. माझा आवाज उतरला की म्हणत, शेवटचा शब्द का गिळतेस, तो पण पुस्तकातच आहे ना. एकोणिसाव्या शतकाचं पुस्तक निघालं की त्यांचं बोट सारखं वर जायला लागायचं. त्यातही सिंधचं प्रकरण आलं की वाचन थांबायचं आणि दादा बोलायला लागायचे.

सिंधवर तेव्हा मीरांचं राज्य होतं. सुरुवातीला चार भाऊ मिळून राज्य करायचे, पुढे त्यांची मुलं आणि पुतणे. किल्ला एक, दरबार वेगवेगळे. मीरांना शिकारीचा नाद. सिंधू नदीच्या काठाने त्यांनी राखीव जंगलं केली होती, शिकारगाही. हरणांसाठी गावं उठवली, शेतं मोडली. इंग्रजांना नदीत आगबोटी चालवायच्या होत्या आणि आगबोटींना लाकूड लागायचं. तहाच्या एका कलमात त्यांनी दोन्ही काठांवरची झाडं तोडायचा हक्क मागितला. मीरांना ते जंगल राज्याहून प्यारं. धमक्या आल्या, सैन्य आलं, १८४३ मध्ये एका दुपारी लढाई झाली आणि राज्य गेलं. पुस्तकात हे सगळं दीड पानात होतं.

दादांच्या घरात ते दीड पान फार मोठं होतं, कारण त्यांचे पूर्वज मीरांच्या पदरी मुनशी होते. मुनशी म्हणजे पत्रं लिहिणारा आणि आलेली पत्रं दरबारात वाचून दाखवणारा. इंग्रजांचं पत्र फारसीत यायचं. मुनशी ते वाचायचा आणि मीरांना त्यांच्या बोलीत सांगायचा. दादांच्या घरची गोष्ट अशी की शेवटच्या वर्षी एक फार कडक पत्र आलं. ऐकलं नाहीत तर फौज घेऊन येतो, असं त्यात सरळ लिहिलं होतं. दरबारात मीरांसमोर कठोर शब्द उच्चारायची रीत नव्हती. शिवाय मुनशीचा मीरांवर जीव होता. त्याने वाचलं, ‘आमच्या मैत्रीला वाईट वाटेल.’ मीर म्हणाले, वाटू दे. आणि शिकारीला गेले.

“पत्र जसं होतं तसं वाचलं असतं ना, पुट,” दादा म्हणायचे, “तर राज्य आज असतं.”

ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नाही. मी बरीच शोधली. पुस्तकं म्हणतात, इंग्रज सेनापतीने आधीच ठरवलं होतं. मीरांनी सगळं मान्य केलं असतं तरी त्याने दुसरं कारण काढलं असतं. हे मी दादांना वाचून दाखवलं होतं, शेवटचा शब्दसुद्धा न गिळता. त्यांनी बोट वर केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: पत्र नीट वाचलं जातं. मीर शिकार सोडून परत फिरतात. भाऊबंद पहिल्यांदा एका खोलीत बसतात. लाकूड ते स्वतःच, स्वतःच्या अटीवर द्यायला तयार होतात. नदी इंग्रजांची, किल्ला आपला. वरच्या अंगाला मीरांचंच एक छोटं संस्थान तसं टिकलंही होतं, मग मोठं का टिकू नये?

त्या टिकलेल्या राज्यात दादा शंभर वर्षं सहज चालत जायचे. हैदराबाद, त्यांच्या आईचं गाव, दक्षिणेतलं नव्हे, सिंधमधलं. घरांच्या छपरांवर वारा पकडायला उंच खोकी बांधलेली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, समुद्राकडे. दुपारी वारा त्यातून खाली खोलीत उतरायचा. दादांनी ती छपरं पाहिलेली नाहीत, आठवण्याइतकी तर नाहीतच. त्यांची आई इथल्या बॅरकमध्ये उन्हाळ्यात जमिनीवर पडून विचारायची, वारा कुठल्या बाजूचा आहे. भिंतींना कसली बाजूच नव्हती. एवढंच त्यांच्याकडे स्वतःचं होतं, तो प्रश्न.

दादी या राज्याची थट्टा करायची. ती पापड लाटत असायची आणि लाटणं न थांबवता बोलायची. राज्य राहिलं असतं तर ह्यांना मुनशांच्याच घरातली गोरी मुलगी मिळाली असती. माझे वडील शिकारपूरचे, सावकारी पेढीवाले. ह्यांच्या लोकांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मीर गेले, इंग्रज गेले, सगळं गेलं, तेव्हा कुठे दोघांची बॅरक एक झाली. “माझ्या लग्नासाठी एवढी मोठी सल्तनत पडली,” ती मला म्हणाली, “आणि ह्यांना अजून वाईट वाटतंय.” दादा हसायचे. पण राज्य मात्र सोडायचे नाहीत.

मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा आमच्या गल्लीत चौदा एप्रिलची तयारी चाललेली असायची. निळ्या पताका, स्पीकरची चाचणी, विहाराच्या पायऱ्यांवर रंगाचे डबे. एक-दोन-तीन, हॅलो, एक-दोन-तीन. कॉलेजची पोरं कानात बोळे घालून अभ्यास करत आणि मधेच उठून नाचून येत. आमच्या घरी पडलेल्या राज्यांचं कोणाला दुःख नसतं. उलट महाराष्ट्रातलं एक राज्य जिथे पडलं त्या जागी पप्पा वर्षातून एकदा गाडी करून जातात आणि नतमस्तक होऊन येतात. माझे आजोबा गाव सोडून अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागले, म्हणून पप्पा फिटर झाले, म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले. ही साखळी कुठल्याच राजाच्या हातून गेलेली नाही.

मी पप्पांना दादांच्या मुनशीबद्दल सांगितलं. मला वाटलं, त्यांना मजा वाटेल. ते पताकांच्या दोरीची गाठ सोडवत होते. सोडवून झाल्यावर म्हणाले, “त्यांचे लोक दरबारात लिहीत होते. त्या उठवलेल्या गावांत कोण होतं, ते कोणी लिहिलंय का बघ.”

बघितलं. नव्हतं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी पापड खाताना मला प्रथमच त्या घरात परकं वाटलं, आणि कारण कोणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, आडनावसुद्धा नाही. मी सांगितलंही नव्हतं. गार भिंतीला टेकून मी त्यांच्या राज्यात फिरायची, छपरं बघायची, नदी बघायची, आणि मग आपोआप शोधायला लागायची की यातलं कुठलं घर माझं. किल्ल्यात नाही. मुनशांच्या आळीत नाही. बाजारात? बाजाराच्या मागे? मी अशी शहराच्या कडेकडेने चालत चालत बाहेर पडायची.

पेपर मेच्या दुसऱ्या आठवड्यात होता. राइटरवाल्यांना वेगळी खोली, जादा वेळ. पंखा होता, पण तो आमच्यावर नाही, रिकाम्या बाकांवर वारा घालत होता. कोपऱ्यात सुपरव्हायझर मॅडम पुठ्ठ्याने स्वतःला वारा घेत बसल्या होत्या. मी प्रश्न दादांच्या कानाशी, अगदी हळू वाचून दाखवले. चौथा प्रश्न: सिंधच्या विलीनीकरणाची कारणं आणि परिणाम. दादांनी खुर्चीत पाठ सरळ केली, जसं काही त्यांचं नाव पुकारलं होतं.

तो प्रश्न त्यांनी शेवटी ठेवला. कारणं नीट सांगितली, क्रमाने, त्यांच्या जुन्या, जपून जुळवलेल्या इंग्रजीत. आगबोटी, अफगाण युद्ध, तहाची कलमं. मी लिहीत गेले. परिणाम सुरू व्हायच्या जागी ते थांबले आणि म्हणाले, आता असं समजू की पत्र जसं होतं तसं वाचलं गेलं.

पहिलं वाक्य मी लिहिलं. दुसरं ऐकलं आणि पेन कागदावरून उचललं.

ते सांगत राहिले. मुनशी, मीर, एकत्र बसलेले भाऊबंद. नदीतून जाणाऱ्या आगबोटी आणि काठावर उभं राहून त्यांच्याकडे बघणारं एक जिवंत राज्य. शंभर वर्षांनी देश तुटतो, पण हे राज्य आपल्या माणसांना सांभाळतं. एक बाई मूल कडेवर घेऊन गलबतात चढत नाही. इकडे कल्याणजवळ लष्कराच्या बॅरकी रिकाम्या पडतात, त्यांच्यात गवत वाढतं, छपरं उडतात, आणि माळ पुन्हा भाताच्या शेतांत मिसळून जातो. वालधुनी नदीचं पाणी स्वच्छ वाहतं. उल्हासनगर नावाचं काही नसतं. फार सुंदर बोलत होते. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता आणि ते एकदाही अडखळले नाहीत. मी पेन कागदाच्या वर, बोटभर अंतरावर धरून बसले होते. मॅडमना वाटलं असेल, मी विचार करतेय. चार पानं भरली असती. मी एकही भरलं नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा ते म्हणाले, बस, झालं. मी परिणामांचे तीन मुद्दे तरी घ्यावेत असं म्हणू शकत नव्हते. सुचवायचं नाही, हा नियम. न लिहिण्याचा नियम मात्र मी स्वतःच केला होता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, सगळं आलं ना? मी म्हटलं, हो.

त्या ‘हो’चं मी पुढे बरंच काय काय करून पाहिलं. मनात म्हटलं, परीक्षकाने असल्या कल्पनेवर लाल रेघ मारली असती, मी त्यांचे मार्क वाचवले. हे खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं आणि दुसरं अर्धं मला माहीत होतं.

जुलैत निकाल लागला. दादा बाकी सगळ्या पेपरांत पास, त्या एकात तीन मार्कांनी नापास. त्यांनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली त्या दिवशी दादीचा फोन आला, ये, अर्ज लिहायचाय. पावसाने त्यांच्या गल्लीत पाणी साचलं होतं; विटांवर पाय ठेवत मी गेले. त्या दिवशीही आधी पापड आला, पावसात सुद्धा. लिफाफा न फोडलेला. तो फोडायची दादांना गरज वाटत नव्हती. ते तापलेले होते. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. आपलं सगळ्यात चांगलं उत्तर परीक्षकाने वाचलंच नाही, याची त्यांना खात्री होती. कोरा कागद माझ्यापुढे सरकवून ते सांगायला लागले. मान्यवर महोदय, माझ्या चौथ्या उत्तराची चार पानं तपासली गेलेली नाहीत.

मी ‘मान्यवर महोदय’ लिहिलं आणि पेन पुन्हा थांबलं. या वेळी मॅडम नव्हत्या, नियम नव्हता. ते वाक्य लिहिलं असतं तर एक म्हातारा माणूस विद्यापीठाच्या खिडकीत जाऊन, नसलेल्या पानांसाठी भांडला असता, आणि तिथल्या कोणीतरी त्याला हसून दाखवून दिलं असतं की बाबा, इथे काही नाही.

“लिहिलंस?”

“दादा, ती पानं नाहीत. मी लिहिली नाहीत.”

बटणांच्या डब्यातला त्यांचा हात थांबला. स्वयंपाकघरात चिमट्याचा आवाज होत होता, तोही थांबला.

“का?”

“मार्क जातील म्हणून.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग विचारलं, “इतकंच?”

मी वाक्य तीनदा तपासलं नाही. “नाही. तुमच्या त्या राज्यात मी कुठेच नव्हते. मी आणि माझे लोक. शोधलं मी.”

बाहेर कोणाची तरी स्कूटर पाण्यातून गेली. दादा म्हणाले, “मीरांना पण मुनशीने असंच वाचवलं होतं,” आणि हात डब्यातून काढून गुडघ्यावर ठेवला. “आज तू जा, पुट.” पुट म्हणाले, याच्यावर मी पुढचे चार महिने काढले.

ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्यांच्यात राहणं वाईट असतं असं नाही. पप्पासुद्धा राहतात, आजोबांनी गाव सोडायची वाट धरली नसती तर, असं ते कधी कधी जेवताना सुरू करतात आणि आई म्हणते, भात निवतोय. फरक एवढाच की दादांच्या ‘असतं तर’मध्ये घर परत मिळायचं आणि पप्पांच्या ‘असतं तर’मध्ये असलेलं घरही जायचं. दोघं एकाच भागात, चार-पाच किलोमीटरवर राहतात. तो पावसाळा मी या दोन घरांच्या मधे काढला. नोकरी लागली, आनंदनगरच्या एमआयडीसीत, डिस्पॅचला. कोणाशी फारसं न बोलता चालण्यासारखं काम. पाच नंबरला जाणाऱ्या रिक्षांकडे मी बघायची नाही.

नोव्हेंबरात दादीचा फोन. ह्यांचा पेपर पुन्हा डिसेंबरमध्ये आहे. दुसरी मुलगी आणली होती, दोन दिवस वाचलं तिने. “म्हणतात, फार गोड वाचते, झोप येते. तू ये.” मी बी.कॉम. झाले होते, ते एम.ए.ला होते, नियमात अजून बसत होते. रविवारी गेले. भिंत थंडीतही गारच होती, टेकवेना. दादांनी हवापाण्याचं काही विचारलं नाही. म्हणाले, “मी तुला शोधलं. नदीच्या काठाने पार शिकारगाहीपर्यंत गेलो. तिथे एक गाव होतं, मीरांनी उठवलेलं. त्याच्या पुढे मला काही माहीत नाही. आमच्या लोकांनी लिहिलेलंच नाही.” आणि बोट वर केलं, म्हणजे वाच.

पेपर ते पास झाले, हे आत्ताच सांगते.

तीच खोली होती, पण पंखा बंद, आणि खिडकीतून ऊन थेट बाकावर येत होतं. सिंधचा प्रश्न पुन्हा आला. दादांनी कारणं सांगितली, परिणाम सांगितले, मुद्दे सोडले नाहीत, वेळ राखला. मीर हरले, राज्य गेलं, मुनशीचं नाव निघालं नाही. मला वाटलं, संपलं. मी पेनाचं टोपण हातात घेतलं.

“अजून एक वाक्य,” ते म्हणाले, “हे मात्र लिही.”

त्यांनी ते एकदाच, सावकाश सांगितलं. मी लिहिलं. जसं सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने.

“आता वाचून दाखव.”

लिहिलेलं वाचून दाखवायला राइटरला परवानगी असते. इतर उत्तरांच्या वेळी त्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. मी खुर्ची थोडी पुढे घेतली आणि वाचलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत ते असं: हे राज्य वाचलं असतं तर कोणासाठी वाचलं असतं, हे त्याच्या मुनशीच्या घरी विचारून कळणार नाही, त्यासाठी ज्यांची गावं उठली त्यांच्याकडे जावं लागेल, आणि ते मी केलेलं नाही.

शेवटचा शब्द मी गिळला नाही. कोपऱ्यात मॅडमनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. त्या खोलीत माझा आवाज कोपऱ्यापर्यंत पहिल्यांदाच पोचला होता.